जाळीपलीकडून : सिनेमातलं कन्फेशन

मेणबत्ती

(शेवट फोडलेले आहेत. 'ग्रॅन टोरिनो', 'गॉडफादर'चा तिसरा भाग किंवा 'सायलेन्स' पाहायचा राहिला असेल तर आधी पाहून या. धागा कुठे पळून जात नाही.)

मला एक वाईट खोड आहे. सिनेमात कुणी कन्फेशनच्या, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली द्यायच्या, खोक्यात गुडघे टेकले की मी मनातल्या मनात सेकंद मोजायला लागतो. 'फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलंय' इथपासून फादर क्षमेचे शब्द उच्चारेपर्यंत किती वेळ जातो ते बघायचं. हा हिशोब आजवर क्वचितच पूर्ण झालाय. मध्येच बाहेर गोळी सुटते, नाहीतर पलीकडे बसलेला फादर मारेकरी निघतो, नाहीतर दृश्यच तुटतं आणि आपण थेट पोलीस ठाण्यात. क्षमा राहिली ती राहिलीच.

दिग्दर्शकांचा मोह मला कळतो. नाटकातलं पात्र प्रेक्षकांकडे तोंड करून स्वगत म्हणू शकतं, सिनेमात ते खोटं वाटतं. हे खोकं म्हणजे फुकटात मिळालेलं स्वगत. अर्धा अंधार, गालावर जाळीची नक्षी आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाला कुलूप. (खोकं तसं अलीकडचं. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी ते रूढ केलं. वर्षातून निदान एकदा कन्फेशन करावं हा नियम मात्र १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेचा.) पण धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकलेलं आठवून बघा. मनापासून पश्चात्ताप, तोंडाने कबुली, पापाची भरपाई आणि धर्मगुरूने दिलेली क्षमा. यातली फक्त कबुली कॅमेऱ्याच्या सोयीची आहे. बाकीच्यांचं काय करायचं हे बहुतेकांना सुचत नाही. ज्यांना सुचलं अशा तिघांबद्दल लिहितो.

क्लिंट ईस्टवूडचा 'ग्रॅन टोरिनो' (२००८) मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हाताऱ्याच्या शिव्याच जास्त लक्षात राहिल्या होत्या. वॉल्ट कोवाल्स्की, कोरियाच्या युद्धात लढलेला, नुकतीच बायको गेलेला, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर गुरगुरणारा. बायकोने मरताना २७ वर्षांच्या नवख्या फादरकडून वचन घेतलंय की नवऱ्याला कन्फेशनला आणायचं. तो बिचारा पोरगा दारात येत राहतो, वॉल्ट त्याला हाकलत राहतो. शेवटी एक दिवस वॉल्ट आपणहून चर्चमध्ये जातो. केस कापून, नवा सूट शिवायला टाकून. आपण कान टवकारतो, आता कोरिया बाहेर येणार. आणि म्हातारा सांगतो काय? एका पार्टीत परक्या बाईचं चुंबन घेतलं होतं. एका विक्रीतल्या नफ्यावर कर भरला नव्हता. मुलांशी कधी जवळीक साधता आली नाही. फादरही चक्रावतो. एवढंच?

मग घरी येऊन तो शेजारच्या पोराला, थाओला, तळघरात कोंडतो, म्हणजे त्याच्या घरच्यांना छळणाऱ्या गुंडांचा सूड घ्यायला ते पोर मागे येणार नाही. दाराला लोखंडी जाळी. त्या जाळीतून तो थाओला सांगतो की शरण येऊ पाहणाऱ्या एका कोवळ्या पोराला मी गोळी घातली, त्याबद्दल मला पदक मिळालं, आणि एक दिवस असा जात नाही की मला ते आठवत नाही. खरं कन्फेशन ते. चेहऱ्यावर पुन्हा जाळीची नक्षी. फक्त पलीकडे फादर नाही, रडून ओरडणारं एक पोर आहे, ज्याच्याकडे क्षमा द्यायचा अधिकार नाही आणि ऐकायची इच्छाही नाही. त्यानंतर वॉल्ट गुंडांच्या दारात जातो, 'नमो मरिये'चे पहिले शब्द पुटपुटतो, खिशात हात घालतो. ते पिस्तूल समजून गोळ्या झाडतात. खिशात असतो लायटर. तो पडतो तेव्हा दोन्ही हात पसरलेले. क्रूस जरा जास्तच ठळक काढलाय, मान्य. तरी कन्फेशनमधली 'भरपाई' हा शब्द मला त्या जाळीच्या दारापासून या अंगणापर्यंतच्या अंतरात समजला.

'गॉडफादर'च्या पहिल्या भागातल्या (१९७२) बाप्तिस्म्याबद्दल एवढं लिहून झालंय की मी त्यात शिरत नाही. फादर विचारतो, सैतानाचा त्याग करतोस? माफिया घराण्याचा वारस मायकल म्हणतो, करतो. आणि त्याच वेळी त्याची माणसं शहरभर मुडदे पाडत असतात. मला तिसऱ्या भागातलं (१९९०) दृश्य जास्त छळतं. तो भाग फसला असं सगळे म्हणतात, मीही म्हणतो, पण ते एक दृश्य सोडून. कार्डिनल लाम्बेर्तो कारंज्यातून एक दगड उचलतो. वर्षानुवर्षं पाण्यात पडलेला. तो फोडतो आणि दाखवतो, आतून कोरडा. युरोपची माणसं शतकानुशतकं ख्रिस्ताने वेढलेली आहेत, पण तो आत मुरलेला नाही. मग मायकल, ३० वर्षांनी, बागेत उभ्या उभ्या कन्फेशन करतो. सख्ख्या भावाला मारायचा हुकूम दिला हे सांगताना ढसाढसा रडतो. कार्डिनल त्याला म्हणतो की तुझं आयुष्य वाचू शकतं, पण तुझा त्यावर विश्वास नाही हे मला माहीत आहे, तू बदलणार नाहीस. आणि हे म्हणून वर त्याला क्षमा देतो. माझं सेकंदांचं मोजमाप पूर्ण झालेलं हे एक दुर्मीळ उदाहरण.

पुढे मायकल एका मित्राच्या शवपेटीजवळ मुलांच्या जिवाची शपथ घेऊन देवाला सांगतो, एक संधी दे, पुन्हा पाप करणार नाही. आणि थोड्याच वेळात पुतण्याच्या हाती कारभार सोपवताना रक्तपाताला मूक संमती देऊन मोकळा होतो. ऑपेरा हाउसच्या पायऱ्यांवर मुलगी पडते तेव्हा तो तोंड उघडतो पण आवाज येत नाही. दगड आठवतो.

तिसरा 'सायलेन्स' (२०१६). शुसाकू एन्दो यांची १९६६ ची कादंबरी, आणि लहानपणी धर्मगुरू व्हायची स्वप्नं पाहिलेला स्कोर्सेसी. सतराव्या शतकातलं जपान, ख्रिस्ती लोकांचा छळ, येशूची प्रतिमा कोरलेला पत्रा जमिनीवर ठेवून त्यावर पाय द्यायला लावायचा. सगळी चर्चा फादर रॉड्रिग्जने पाय दिला ते बरोबर की चूक यावर होते. मला त्यातला किचिजिरो सोडत नाही. भेकड, दारुडा. अख्खं कुटुंब जळताना याने प्रतिमेवर पाय देऊन जीव वाचवला. फादरला पकडून दिलं. आणि दर वेळी तो परत येतो, फादर, माझं कन्फेशन ऐका. दुसऱ्यांदा आपल्याला त्याची दया येते. चौथ्यांदा किळस येते. रॉड्रिग्जलाही येते. मला वाटतं, सिनेमात आजवर दिसलेला सगळ्यांत कॅथलिक माणूस हाच.

मतं येऊ द्या.

---

वाचनमात्र

रुमाल टाकून ठेवतो. सायलेन्स अर्धा पाहून सोडला होता, आता पूर्ण करणं आलं.

---

जुनी_रीळ

लेख आवडला, पण हिचकॉकला वगळून कन्फेशनवर लिहायचं म्हणजे नवरदेवाला घरी ठेवून वरात काढण्यासारखं आहे.

'आय कन्फेस' (१९५३). चर्चचा सेवेकरी खून करतो आणि त्याच रात्री फादर लोगनला कन्फेशनमध्ये सांगतो. संशय फादरवरच येतो. एक वाक्य बोलला की सुटला, पण बोलायचं नाही. माँटगोमरी क्लिफ्टने अख्खा सिनेमा डोळ्यांवर पेललाय, कारण त्या पात्राला बोलायचीच सोय नाही. हिचकॉक स्वतः जेझुइटांच्या शाळेत शिकलेला. त्याने नंतर फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलं होतं की हा सिनेमा करायला नको होता, कारण फादर गप्प का बसतो हे कॅथलिक प्रेक्षकाला लगेच कळतं आणि बाकीच्यांना हास्यास्पद वाटतं.

दुसरा 'ऑन द वॉटरफ्रंट' (१९५४). यातली गंमत उलटी आहे. नायक टेरी फादर बॅरीकडे येतो आणि म्हणतो माझं कन्फेशन घ्या. फादर चक्क नाही म्हणतात. कारण तिथे ऐकलं की ओठ शिवले गेले, आणि त्यांना ती माहिती गोदीतल्या गुंडांविरुद्ध वापरायची आहे. मग बाहेर उघड्यावर ऐकतात आणि सांगतात, आता हेच त्या मुलीला सांग जिच्या भावाच्या मृत्यूला तू कारण झालास. टेरी तिला सांगतो आणि नेमका तेव्हा जहाजाचा भोंगा वाजतो. आपल्याला एक शब्द ऐकू येत नाही. तिचा चेहरा तेवढा दिसतो. कन्फेशनची गुप्तता जपणारं याहून चोख दृश्य मी पाहिलेलं नाही, आणि तेही खोक्याबाहेर.

अवांतर: दिग्दर्शक काझानने १९५२ साली अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे आपल्या जुन्या कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावं सांगितली होती. त्यामुळे 'साक्ष देणारा तोच खरा नायक' हे त्याने कुणासाठी लिहून घेतलं असेल ते ओळखा. ही त्याची कबुली की समर्थन, यावर लोक अजून भांडतात. तरीही १९९५ मध्ये सिनेमाच्या शताब्दीला व्हॅटिकनने ४५ सिनेमांची यादी काढली त्यात हा आहे.

---

मेणबत्ती

@जुनी_रीळ, कान पकडतो. भोंगा मी कसा विसरलो कळत नाही. त्या यादीबद्दल एक सांगायचं होतं. धर्म, मूल्यं आणि कला असे तीन भाग, प्रत्येकी १५. धर्माच्या भागात पासोलिनीचा 'मत्तयकृत शुभवर्तमान' आहे. दिग्दर्शक नास्तिक आणि मार्क्सवादी! कलेच्या भागात तर 'विझर्ड ऑफ ऑझ'ही आहे. ज्यांना वाटतं की चर्चला सिनेमा म्हणजे फक्त झगे आणि घंटा हवेत, त्यांनी ती यादी जरूर बघावी.

---

निरीश्वर

मी बाहेरचा, त्यामुळे आधीच हात जोडतो. पण प्रश्न विचारतो.

तुम्ही गुप्ततेला सुंदर म्हणताय. मला त्यात थंडगार काहीतरी दिसतं. बॉस्टनच्या चर्चमधलं दडपलेलं प्रकरण पत्रकार उघड करतात तो 'स्पॉटलाइट' (२०१५) पाहून बाहेर आलो तेव्हा मनात हेच होतं की ज्या संस्थेला गप्प बसण्याची इतकी सवय, तिने मुलांवरचे अत्याचार दडपले यात नवल काय? दुसरं, कितीही वेळा या आणि क्षमा घेऊन जा, ही सोय गुन्हेगाराची झाली. ज्याचं वाटोळं झालं त्याला कोण विचारतं? तुमचा तो किचिजिरो मला अजिबात गोड वाटला नाही. त्याच्यामुळे माणसं मेली.

भांडायला आलेलो नाही. 'कॅल्व्हरी' (२०१४) मला आवडला होता, म्हणून इथे डोकावलो.

---

मेणबत्ती

@निरीश्वर, हात जोडू नका, बसा.

'स्पॉटलाइट'बद्दल आमच्यातल्याच काहींनी 'हा चर्चविरोधी प्रचार' म्हणून नाक मुरडलं. व्हॅटिकनच्या स्वतःच्या वृत्तपत्राने मात्र हा सिनेमा कॅथलिकविरोधी नाही असं लिहिलं. माझं मत त्यापुढे आहे. लेखात सांगितलेली कबुली आणि भरपाई त्या सिनेमात पत्रकार करून घेतात, कारण ज्यांनी करायची त्यांनी केली नाही. बॉस्टनमध्ये जे दडपलं गेलं ते बहुतांशी कन्फेशनमधलं नव्हतं, ते फायलींमधलं होतं. तक्रारी आल्या, कागदावर आल्या, आणि माणसाची बदली झाली. कन्फेशनची गुप्तता पश्चात्तापी माणसाला आडोसा म्हणून आहे. तिची शाल संस्थेने स्वतःच्या अंगावर ओढली तर तो चोरीचा माल.

क्षमा म्हणजे शिक्षेतून सूट, असं मात्र कुठेच नाही. फादर क्षमा देताना 'पोलिसांकडे जा' असं कळकळीने सांगू शकतो. फक्त स्वतः जाऊन सांगू शकत नाही. चर्चचा कायदा त्याबाबतीत निर्दय आहे, ९८३ वं कलम म्हणतं की गुप्तता अभंग. ती थेट मोडणारा फादर आपोआप बहिष्कृत होतो.

'ज्याचं वाटोळं झालं त्याला कोण विचारतं', याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही.

---

दुसरी_बाजू

निरीश्वर यांच्या त्या प्रश्नासाठीच लॉगिन केलं. 'डेड मॅन वॉकिंग' (१९९५) कुणी काढला कसा नाही?

सिस्टर हेलन मृत्युदंडाच्या कैद्याला, मॅथ्यू पॉन्सलेटला, भेटत राहते. सिस्टर असल्यामुळे तिला क्षमा देता येत नाही. म्हणजे इथे कन्फेशनचा संस्कार नाहीच. पण ती एक गोष्ट सोडत नाही. तो शेवटपर्यंत म्हणतो, मी फक्त तिथे होतो, दुसऱ्याने केलं, सरकारने फसवलं. आणि ती दर वेळी शांतपणे त्याला त्या रात्रीपाशी आणून उभं करते. तू काय केलंस? मृत्यूला काही वेळ उरला असताना तो गजांआडून फोडतो: त्या मुलाला मी मारलं. मुलीवर बलात्कार केला. शेवटच्या क्षणी तो मेलेल्या मुलाच्या बापाची माफी मागतो.

आणि दिग्दर्शक काय करतो बघा. विषाचं इंजेक्शन चालू असताना तो गुन्ह्याची दृश्यं मध्ये मध्ये पेरतो. पॉन्सलेटची कीव येऊ लागली की लगेच त्या दोन मुलांचे चेहरे. सिस्टरही मुलांच्या आईवडिलांकडे जाते, तिथे तिला घराबाहेर काढतात, तुम्ही एकाच वेळी दोन्हीकडे असू शकत नाही असं सुनावतात. ती तरी जाते. 'कोण विचारतं' या प्रश्नाला सिनेमाने दिलेलं मला माहीत असलेलं सर्वांत प्रामाणिक उत्तर हे. शेवटच्या दृश्यात मुलाचा बाप आणि सिस्टर चर्चमध्ये शेजारी गुडघे टेकून आहेत, कॅमेरा बाहेरून खिडकीतून बघतो. बापाने क्षमा केली की नाही, माहीत नाही. येतोय, एवढंच.

(२०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बदल करून मृत्युदंड अमान्य ठरवला. त्यामागे अशा अनेक सिस्टरांची पायपीट आहे.)

आणि मेणबत्ती, तुमच्या तिन्ही सिनेमांत कबुली देणारे पुरुष, ऐकणारे पुरुष. सहज नजरेस आलं म्हणून.

---

मेणबत्ती

@दुसरी_बाजू, नजरेस आणून दिलंत, आता ते नजरेआड होणार नाही.

---

टपालपेटी

+१ दुसरी_बाजू.

हिंदी सिनेमातल्या फादरवर पण कुणीतरी लिहा हो. पांढरा झगा, हातात जाड पुस्तक, 'माय चाइल्ड' एवढंच वाक्य. नायक थेट मूर्तीशी भांडतो आणि फादर कोपऱ्यात मेणबत्तीसारखा उभा (तुम्ही नव्हे). कन्फेशनच्या खोक्याचा उपयोग फक्त गुंडांपासून लपायला.

---

कडूलिंब

लेख चांगला, पण 'ग्रॅन टोरिनो'वर भावुक होऊन तीन गोष्टींवर पांघरूण घातलंय.

एक. गंभीर पाप आठवत असताना जाणूनबुजून लपवलं तर ते कन्फेशन होतच नाही. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेपासून हे स्पष्ट आहे. वॉल्ट स्वतः म्हणतो की रोज आठवतं. मग चर्चमध्ये त्याने जे केलं ते काय? क्षमा तर मिळालीच नाही, वर एक पाप वाढलं. बायकोचं वचन पाळल्याचा देखावा.

दोन. तो मरायलाच गेला होता. कोल्बे यांच्याशी तुलना करायचा मोह होईल म्हणून आधीच सांगतो. १९४१ मध्ये आउश्वित्झमध्ये धर्मगुरू मॅक्सिमिलियन कोल्बे एका बापाऐवजी उपासमारीच्या कोठडीत गेले. ती शिक्षा आधीच ठरलेली होती, त्यांनी ती दुसऱ्याकडून स्वतःवर घेतली. वॉल्टने प्रसंग रचला.

तीन, आणि याबद्दल कुणीच बोलत नाही. खिशात हात घालून त्याने त्या पोरांना खून करायला प्रवृत्त केलं. ती गुंड आहेत, अत्याचारी आहेत, कबूल. पण दुसऱ्याला पापात ढकलणं हे स्वतंत्र पाप आहे. त्याने सापळ्यात आमिष म्हणून स्वतःला ठेवलं. सुंदर पसरलेले हात बघून ते विसरायचं?

---

मेणबत्ती

@कडूलिंब, तिसरा मुद्दा वाचून कालची रात्र खराब गेली. खरंच डोक्यात आला नव्हता.

पहिल्याबद्दल थोडी वकिली करतो. वॉल्टला ती गोष्ट रोज आठवते, पण तिला 'पाप' म्हणायचे शब्द त्याच्याकडे आहेत का? तिच्यासाठी त्याला पदक मिळालंय. साऱ्या जगाने ज्याला शौर्य म्हटलं ते चर्चच्या खोक्यात सांगायचं कसं? म्हणून तो लहान, सुबक पापं सांगतो, चुंबन आणि कर. आपण सगळे तेच करतो. मी स्वतः वर्षानुवर्षं 'चिडचिड केली, प्रार्थना चुकवली' एवढ्यावर भागवत आलोय, आणि एक गोष्ट जिला मी पाप म्हणायला तयार नव्हतो ती खूप उशिरा सांगितली. सांगितली तेव्हा फादर फार काही बोलले नाहीत. 'हे इतकी वर्षं एकट्याने वाहिलं?' एवढंच म्हणाले.

दुसऱ्याबद्दल: तो नि:शस्त्र जातो आणि शेजारपाजार बघत असताना जातो, म्हणजे साक्षीदार असतील आणि गुंड तुरुंगात जातील. हेतू थाओला वाचवायचा. हेतू चांगला म्हणून साधन चांगलं होत नाही, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो.

तिसऱ्यावर शरण.

---

जुनी_रीळ

कडूलिंब यांनी सिनेमाची परीक्षा परमप्रसादाच्या (कम्युनियनच्या) तयारीसारखी घेतली :) हलके घ्या.

पण एक आहे. ईस्टवूडला बहुधा हे कोडं माहीत असावं. नाहीतर आधी चर्चमधलं कन्फेशन दाखवायचं कारणच काय? सरळ तळघराच्या दारावर गेला असता. त्याला दोन्ही जाळ्या शेजारी शेजारी हव्या होत्या. एका जाळीपलीकडे अधिकार आहे पण सत्य पोचत नाही, दुसऱ्या जाळीतून सत्य जातं पण पलीकडे अधिकार नाही.

---

कडूलिंब

@जुनी_रीळ, हे पटलं. पण मग सिनेमा शोकांतिका आहे, विजयाची गोष्ट नव्हे. लोक टाळ्या वाजवत बाहेर येतात.

आता किचिजिरो. 'सगळ्यांत कॅथलिक माणूस' हे वाक्य टाळीचं आहे, पण धोक्याचं. क्षमा मिळणारच आहे म्हणून पाप करणं याला आपल्याकडे नाव आहे, देवाच्या दयेचा गैरफायदा. पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल तर पश्चात्ताप कसला? दुसऱ्या बाजूला त्याच सिनेमातले मोकिची आणि इचिझो क्रुसावर बांधलेले, समुद्राच्या भरतीत दिवसेंदिवस मरत राहिले. मोकिची गाणं म्हणत मेला. सगळ्यांत कॅथलिक ते नाहीत आणि पळून गेलेला आहे? मग रक्तसाक्षी कशाला झाले लोक?

---

दुसरी_बाजू

हा वाद आजचा नाही. सन २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने हुकूम काढला की सगळ्यांनी देवतांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. काही ख्रिस्ती मेले, पुष्कळांनी बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसताच दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे सगळे चर्चच्या दारात परत उभे. आत घ्यायचं का? रोमचा याजक नोव्हाशियन म्हणाला, नाही, कधीच नाही. कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणाले, घ्यायचं, पण प्रायश्चित्त करायला लावून, घाई न करता. चर्चने सिप्रियनची वाट धरली आणि नोव्हाशियनचा पंथ वेगळा झाला.

म्हणजे किचिजिरो या भांडणात कडूलिंब सिप्रियन आणि नोव्हाशियन यांच्या मध्ये कुठेतरी उभे आहेत, आणि मेणबत्ती सिप्रियनच्याही थोडे पलीकडे, ज्यांना दारात उभं ठेवायचाही धीर नाही.

---

कडूलिंब

हा हा. मी सिप्रियनकडेच आहे. माझं म्हणणं 'घाई न करता' यावर बोट ठेवणारं आहे.

---

मेणबत्ती

मोकिचीबद्दल कडूलिंब बरोबर आहेत. 'सगळ्यांत कॅथलिक' हे मागे घेतो. मोकिची सगळ्यांत शूर, सगळ्यांत श्रद्धावान. माझ्यात मोकिचीचं काहीच नाही, म्हणून मला किचिजिरो जवळचा वाटला असं लिहायला हवं होतं.

पण त्याच्या बाजूने एक गोष्ट. तो गैरफायदा घेणारा असता तर त्याला परत यायची गरजच नव्हती. त्याने प्रतिमेवर पाय दिला होता, सरकारच्या लेखी तो सुटला होता. घरी जाऊन निवांत राहायचं. कन्फेशनला येण्यात धोका होता, नफा शून्य. आणि तो ज्याच्याकडे यायचा तो फादर त्याला झिडकारायचा. एक वाक्य तो म्हणतो त्याचा आशय असा, की मी शांततेच्या काळात जन्मलो असतो तर चांगला ख्रिस्ती म्हणून मेलो असतो. यावर हसता येत नाही. आपण शांततेच्या काळातले आहोत.

आणि पेत्राने तीनदा नाकारलं होतं. कोंबडा आरवला म्हणून आपण मोजणं थांबवलं.

---

निरीश्वर

वाचतोय. डेसियसचा दाखला माहीत नव्हता.

एक विचारू? सिनेमाच्या शेवटी फादरने स्वतःच धर्म सोडलेला असतो. जपानी नाव, जपानी बायको, सरकारची नोकरी. तेव्हा किचिजिरो शेवटचा येतो. त्या वेळी त्याला क्षमा मिळते का? म्हणजे तुमच्या नियमांनी. मेणबत्ती यांचे सेकंद तिथे पूर्ण होतात का?

---

कडूलिंब

चांगला प्रश्न, आणि मी नियमवाला असल्यामुळे माझ्याकडे आलाय असं समजतो.

याजकपद पुसलं जात नाही. पाय दिला, लग्न केलं, तरी तो याजकच. पण क्षमा द्यायला वेगळी मुभा लागते आणि ती त्याची गेलेली मानायला हवी. अपवाद एकच, समोरचा मृत्यूच्या छायेत असेल तर कुठलाही याजक, पदभ्रष्टसुद्धा, क्षमा देऊ शकतो. किचिजिरो तेव्हा धडधाकट दिसतो. मात्र त्या देशात, त्या काळात, कन्फेशन मागणारा ख्रिस्ती मृत्यूच्या छायेत नव्हता असं मी तरी छातीठोकपणे म्हणणार नाही. नंतर त्याच्या गळ्यातल्या ताईतात ख्रिस्ती चित्र सापडतं आणि त्याला ओढून नेतात, ते आठवत असेल.

---

वाचनमात्र

आत्ताच पूर्ण पाहून उठलो. निरीश्वर विचारतात ते दृश्य दोनदा मागे नेऊन पाहिलं. रॉड्रिग्ज आधी नकार देतो, मी आता फादर नाही म्हणतो. मग दोघांची डोकी एकमेकांकडे झुकतात आणि आपल्याला फादरच्या मनातलं बोलणं ऐकू येतं. क्षमेचे शब्द मला काही ऐकू आले नाहीत. कादंबरीत संस्कार दिल्याचं स्पष्ट आहे म्हणे, पडद्यावर तसं नाही. मेणबत्ती, तुमचे सेकंद इथेही अर्धवटच राहिले की.

---

जुनी_रीळ

ऐकू आले नाहीत म्हणजे उच्चारले नाहीत असं कसं? 'वॉटरफ्रंट'चा भोंगा विसरलात वाटतं.